आपलं नाव आपण पुसायचं

हो, फळाच बोलतोय मी. सहा फूट लांब, चार फूट उंच, सागाच्या चौकटीतला काळा फळा. आयुष्यभर लोकांनी माझ्यावर लिहिलं आणि पुसलं. माझं स्वतःचं मात्र कुणी काही विचारलं नाही. आज मीच सांगतो.

माझा जन्म उल्हासनगरचा, कॅम्प एकमधला. हशमतराय म्हणून एक सिंधी फर्निचरवाले होते. त्यांच्या दुकानामागे पत्र्याची शेड होती आणि तिथे सोमा नावाचे सुतार काम करायचे. दिवसभर कपाटं, शोकेस, लग्नाचे पलंग. फळ्याची ऑर्डर क्वचितच यायची. त्यामुळे सोमांनी मला जरा जास्तच मन लावून घडवलं. तीन वेळा रंग दिला. रंग सुकल्यावर सगळ्या अंगावर खडूची पूड चोळली आणि फडक्याने पुसून काढली. "पहिली पूड नीट बसली की पुढे अक्षर उठून दिसतं," ते म्हणाले. हशमतराय शेडमध्ये आले, माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाह साईं, इस पे तो मेरा लिखा हुआ भी अच्छा दिखेगा!"

तिथून मी अंबरनाथला गेलो, एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. तिथे अवधूत सर दहावीच्या गणिताची शिकवणी घ्यायचे. खालून गिरणीची घरघर, वरून सरांचा आवाज. चौदा वर्षं मी त्रिकोण आणि वर्तुळं अंगावर वागवली. सर चांगले होते. पण एक गोष्ट मला खुपायची. "फळ्याजवळ ये," असं सरांनी म्हटलं की मुलांचे चेहरे उतरायचे. माझ्याकडे कुणी आनंदाने आलंय, असं त्या चौदा वर्षांत फारसं घडलं नाही.

मग सरांनी भिंतीवर मोठा स्क्रीन लावला आणि मला दाराआड ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. तीन वर्षं मी भिंत पाहत उभा होतो. एकदा कुणीतरी माझ्या पाठीवर ओल्या छत्र्यांचा गठ्ठा टेकवला आणि विसरून गेलं. तेव्हा माझा उजवा कोपरा फुगला आणि चिरला. शेवटी जागा रिकामी करताना सरांनी मला भंगारवाल्याकडे दिलं.

तिथे मला कुमुदिनी भेटल्या.

त्या आल्या होत्या लोखंडी खाटा घ्यायला. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी एकोणीस वर्षं पॅकिंग खात्यात काम केलं होतं. तो कारखाना बंद पडला. कामगारांच्या विश्रांतीच्या खोलीतल्या आठ खाटा भंगारात आल्याचं त्यांना कळलं. त्यातल्या एकीवर बसून त्या कितीतरी दुपारी डबा जेवल्या होत्या. त्या खाटा तपासता तपासता त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी बोटाच्या पेराने मला ठोकून पाहिलं.

"हा कसा दिला?"

"घेऊन जा ना मावशी," भंगारवाला म्हणाला. "त्याला कोण विचारतो आता? फळीच समजा."

असा मी आठ खाटांवर फुकट आलो. टेम्पोत बदलापूरपर्यंत मला त्याचीच लाज वाटत होती.

कुमुदिनींचं घर हेंद्रेपाड्यात आहे. खाली दोन खोल्या, वर एक मोठा हॉल आणि दोन छोट्या खोल्या. घरात त्या आणि त्यांचे मालक कैलास. कैलासभाऊ रिक्षा चालवतात. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, वरचा मजला रिकामा पडला. एकदा नागपूरची दोन पोरं पाठीवर ह्या एवढाल्या पिशव्या घेऊन दारात पाणी मागायला आली. डोंगरात भटकून आलेली, चिखलाने माखलेली. लॉजवाल्याने त्यांचा अवतार बघूनच नाही म्हटलं होतं. कुमुदिनींनी त्यांना वर झोपायला चटया दिल्या, सकाळी पोहे घातले. जाताना पोरांनी विचारलं, "मावशी, तुम्ही हे कायमचं का करत नाही? आमच्यासारखे खूप असतात."

कारखाना गेला होता, हात रिकामे होते. त्यांनी मनावर घेतलं. खाटा वर चढवल्या, पडदे शिवले, मुलींची खोली वेगळी केली आणि आतून कडी बसवली. कैलासभाऊंनी फाटकावर नाव रंगवलं: 'मुक्काम'. मग मला काळा रंग देऊन हॉलमध्ये टांगलं. वरच्या मजल्यावर, बरं का. हेंद्रेपाड्यात भिंतीवर काय कुठे लावायचं, ते पावसाळ्यात पूर येणाऱ्या नदीला विचारून ठरवावं लागतं.

सुरुवातीला माझ्यावर फक्त जेवण लिहिलं जायचं. 'रात्री पिठलं, नाचणीची भाकरी.' रविवारी कैलासभाऊ उल्हासनगरहून दाल पकवान आणत, तेव्हा ते मोठ्या अक्षरात. लोक येऊ लागले. कुणी कोंडेश्वरला, कुणी टवलीच्या डोंगरावर, कुणी चंदेरीच्या किल्ल्याला. गुवाहाटीचे आले, मदुराईचे आले, एकदा फ्रान्सहून एक आजीबाई आल्या आणि आठ दिवस राहून भाकरी थापायला शिकून गेल्या. कमी पैशात स्वच्छ अंथरूण आणि घरचं जेवण. एवढंच होतं, पण ते मनापासून होतं.

एक दिवस टवलीला गेलेला एक मुलगा सांगितल्या वेळेपेक्षा तीन तास उशिरा आला. वाटेत कुणाच्या तरी शेतावर भुईमुगाच्या शेंगा खात बसला होता. तो येईपर्यंत कुमुदिनी हॉलमध्ये येरझारा घालत होत्या. त्यांनी त्याला जेवायला वाढलं, मग खडू घेतला आणि माझ्यावर तीन रकाने आखले. नाव. कुठे. परतीची वेळ.

"उद्यापासून बाहेर पडताना इथे लिहायचं," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "आणि आल्यावर आपलं नाव आपल्या हाताने पुसायचं. दुसऱ्याने पुसायचं नाही. मी पण नाही पुसणार."

त्या दिवसापासून माझं खरं आयुष्य सुरू झालं.

माणसांच्या किती गमती बघितल्या मी! परतीची वेळ प्रत्येक जण खऱ्यापेक्षा तासभर आधीची लिहितो. कुमुदिनी मनातल्या मनात तो तास मिळवून ठेवतात. नवरा-बायको एकाच ओळीत लिहितात, नवीन मित्र वेगवेगळ्या. कुणी आपल्या लिपीत नाव लिहितं, त्याखाली कुमुदिनी मराठीत टीप लिहितात: 'उंच, लाल टोपी'. आणि परत आल्यावर! बूट काढायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी, लोक माझ्याकडे येतात. दमलेले, घामेजलेले, हसत. डस्टर उचलतात आणि आपलं नाव पुसतात. जो कधी कुणालाच हवासा वाटला नाही, त्या फळ्याकडे आता माणसं धावत येतात. छाती फुगणार नाही का?

पण एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

शेजारी हिरामणदादांचं घर आहे. मूळचे इथलेच, शेतीवाले. पहिल्यापासून त्यांना 'मुक्काम' पसंत नव्हतं. परकी पोरं, परक्या पोरी, कोण कुठले. तरी ते गप्प होते. मग त्यांची आई वारली. दहाव्याच्या दिवशी त्यांच्याकडे माणसं जमली होती. कुमुदिनी सामान आणायला बाजारात गेल्या होत्या. नेमकी तेव्हाच आमच्याकडची सहा पोरं डोंगरावरून आली आणि गच्चीवर स्पीकर लावून नाचायला लागली. कुमुदिनी धावत आल्या, स्पीकरची वायर ओढून काढली, हिरामणदादांच्या ओट्यावर जाऊन हात जोडले. त्यांनी तोंड फिरवलं. त्यानंतर सात महिने दोन घरांत शब्द नव्हता.

दिवाळीनंतर कळलं, की हिरामणदादांनी गल्लीतल्या लोकांच्या सह्या घेतल्यात. 'मुक्काम' बंद व्हावं म्हणून अर्ज द्यायचा. रविवारी चार वाजता त्यांच्या ओट्यावर बैठक ठरली.

"जाऊन बोलू का मी?" कैलासभाऊंनी विचारलं.

"काय बोलणार?" कुमुदिनी म्हणाल्या. "चूक तर आपलीच आहे."

त्या रविवारी सकाळी तेजस्वी नावाच्या मुलीने माझ्यावर लिहिलं: 'तेजस्वी. चंदेरी. दुपारी १.' अकोल्याची, नर्सिंगला शिकणारी, बारीक अंगाची आणि बोलण्यात पक्की.

"एकटीच?" कुमुदिनींनी विचारलं.

"ताई, वर चढणार नाही. खिंडीपर्यंत जाऊन परत. प्रॉमिस."

कुमुदिनींनी खडू घेतला आणि 'चंदेरी'पुढे लिहिलं, 'खिंडीपर्यंत'. मुलगी हसली, पाण्याची बाटली उचलली आणि गेली.

एक वाजला. दोन वाजले. तासभराची सूट संपली. बाकीची सगळी नावं पुसली गेली होती. माझ्यावर ती एकच ओळ उरली. फोन लागत नव्हता. केरळचे दोन भाऊ मुक्कामाला होते. त्यातला एक काहीतरी हाताला काम हवं म्हणून डस्टर घेऊन माझी कड साफ करायला लागला.

"हात लावू नको त्याला!" कुमुदिनी एवढ्या जोरात ओरडल्या, की तो मुलगा दचकून मागे झाला. मग लगेच मऊ आवाजात म्हणाल्या, "सॉरी बेटा. नाम है उसका उधर."

सव्वादोनला त्यांनी चपला घातल्या आणि शेजारी गेल्या. खिडकीतून मला हिरामणदादांचा ओटा दिसतो. बैठकीसाठी खुर्च्या मांडून झाल्या होत्या. दादा बिडी शिलगावत होते. कुमुदिनी पायरीशीच उभ्या राहिल्या.

"दादा, तुमची बैठक खुशाल घ्या. उद्या म्हणाल तर उद्या बंद करते. पण आत्ता एक पोरगी डोंगरात आहे. एकला येणार होती. तुम्हाला तिथली वाट न् वाट ठाऊक आहे."

दादांनी बिडी न ओढताच विझवली. "यकटी गेली?"

"एकटी. मी जाऊ दिलं. माझं चुकलं."

ते उठले आणि सरळ आमचा जिना चढून वर आले. सात महिन्यांत पहिल्यांदाच काय, आयुष्यात पहिल्यांदाच. माझ्यासमोर उभे राहिले, कमरेवर हात ठेवून.

"मना वाचाला येत नाय. तू वाच. काय लिवलंय?"

कुमुदिनींनी वाचलं, "तेजस्वी. चंदेरी, खिंडीपर्यंत. दुपारी एक."

"खिंडीपरत? नक्की?"

"तिने सांगितलं, मी लिहिलं."

दादांनी डोळे बारीक केले. "मग वर नसंल ती. या दिसांन गवात उभा हाय, वाट दिसत नाय. खिंडीतून उतरताना डावीकडं ढोरांची वाट फुटते. ती सरल ओहोळान उतरते. तयच आसंल." मग कैलासभाऊंकडे वळले. "रिक्षा काढ. दोर घे, चादर घे. वाडीतलं दोघं ठाकर घेऊ बरोबर."

त्यांची रिक्षा गेली. चार वाजता बैठकीला माणसं आली आणि ओटा रिकामा पाहून इकडे आली. हॉलमध्ये बसली. काही जण पहिल्यांदाच वर आले होते. बायकांनी मुलींची खोली पाहिली, दाराची कडी पाहिली. कुणी कुणी माझ्यावरची ती ओळ वाचली. केरळच्या भावांनी सगळ्यांसाठी काळा चहा केला. कुमुदिनी एका जागी बसून होत्या, नजर माझ्यावर. मी फळा. मला काय करता येणार होतं? फक्त ते नाव घट्ट धरून ठेवणं. तेवढं मी केलं.

साडेपाचला फोन वाजला. कैलासभाऊंचा होता.

"सापडली! पाय मुरगळलाय, बाकी बरी आहे."

कुमुदिनींनी फोन कानाशी धरूनच डोळ्यांना पदर लावला. शेजारची एक बाई, जिने अर्जावर सही केली होती, उठून त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसली.

मागाहून कळलं ते असं. तेजस्वी खिंडीतून परतताना ढोरांच्या वाटेला लागली आणि कोरड्या ओहोळात घसरली. घोटा सुजला, फोन दगडावर आपटून बंद पडला. तिने ओढणी फाडून दोन काटक्यांनी आपला पाय आपणच बांधला आणि सावलीत बसून राहिली. हिरामणदादांनी खिंडीखाली उभं राहून गुरं परत बोलवतात तशी लांब कुकारी दिली. तिसऱ्या कुकारीला खालून उत्तर आलं. मग चादरीची झोळी करून चौघांनी तिला आळीपाळीने खाली आणलं. वाटेतल्या दवाखान्यात पाय बांधून घेतला आणि आठाच्या आत ते घरी पोचले.

तिला धरून जिना चढवला. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. ती बसेना.

"आधी नाव पुसू द्या," ती म्हणाली.

ओळ बरीच वर होती. एका पायावर उभं राहून तिचा हात पोचेना. कुणीतरी म्हणालं, "राहू दे गं, आम्ही पुसतो." तेव्हा हिरामणदादा पुढे झाले.

"नाय. तिचं नाव तीच पुसंल." त्यांनी स्टूल सरकवलं, तिला दंडाला धरून त्यावर चढवलं आणि ती पुसेपर्यंत धरून राहिले. तिने आधी वेळ पुसली, मग जागा, मग नाव. खडूची पूड दादांच्या डोक्यावर पडली. त्यांनी ती झटकली नाही.

बैठक झाली पुढच्या रविवारी, आमच्याच हॉलमध्ये. कुमुदिनींनी खडू हातात घेतला आणि म्हणाल्या, "ज्याची जी तक्रार असेल ती सांगा. मी लिहिते." त्यांनी एकाही तक्रारीला उत्तर दिलं नाही, नुसतं लिहीत गेल्या. गच्चीवर स्पीकर नको. गल्लीत सिगारेट नको. विचारल्याशिवाय कुणाच्या बायामाणसांचे, गुरांचे फोटो नकोत. शेजारी दुःख असेल तर आवाज नको. ते शेवटचं लिहिताना त्यांचा हात थांबला, मग त्यांनी ते बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं.

"अजून?" त्यांनी विचारलं.

हिरामणदादा म्हणाले, "लिव. चंदेरीला यकट्यानं जायचा नाय. माणूस नसंल तर मना हाक मारायची."

तो अर्ज कुठे गेला, मला माहीत नाही. नियम मात्र माझ्या डाव्या बाजूला आहेत. पांढऱ्या रंगाने लिहिलेत, ते पुसले जात नाहीत.

तेजस्वी पंधरा दिवस राहिली. पाय बरा होईपर्यंत खाली कुमुदिनींच्या खोलीतच झोपायची. दादांच्या घरून तिला रोज दूध यायचं. जाताना ती त्यांच्या पाया पडली, तर ते म्हणाले, "नर्स झाली का ये. आमचं गुडघं बघ."

दादा आता पाहुण्यांना डोंगरात घेऊन जातात. बासष्टावं वर्ष चालू आहे, पण पंचविशीतली पोरं त्यांच्यामागे धापा टाकत येतात. पहिल्या दिवशी त्यांनी कुमुदिनींना सांगितलं, "माझा पन नाव लिव." कुमुदिनींनी लिहिलं. दादांनी ते बोटाने न पुसता वरच्यावर गिरवून पाहिलं. दोन महिन्यांनी एका सकाळी त्यांनी स्वतःच खडू उचलला. 'हि' उलटी पडली, 'ण' ला तीन पाय झाले. माझ्यावर भूमितीची कितीतरी सुबक प्रमेयं लिहिली गेली, पण त्या चार अक्षरांएवढा आब मला कशानेच आला नाही.

या आठवड्यात एका पाहुण्याने कुमुदिनींना सुचवलं, "आंटी, अब ये बोर्ड निकालो. ॲप बना देता हूँ, सबका लोकेशन दिखेगा." तो मुलगा चांगल्या मनाने बोलत होता. कुमुदिनी म्हणाल्या, "बना ना, दोनो रखेंगे." मला त्याचं वाईट वाटलं नाही. माणूस घरी पोचल्याशी मतलब.

आणि आता आजचं सांगतो. सहा वर्षं या बाईने शेकडो माणसांना त्या डोंगराकडे पाठवलं, त्यांचे डबे भरले, वाटा समजावल्या. पण स्वतः ती एकदाही तिकडे गेली नव्हती. कधी कामावर, कधी चुलीशी, मग पाहुण्यांत. आज सकाळी चोपन्नाव्या वर्षी तिने पंजाबी ड्रेस घातला, कैलासभाऊंचे बूट मोजे कोंबून पायात बसवले आणि खडू उचलला. 'कुमुदिनी. चंदेरीची खिंड. दुपारी २.' खाली हिरामणदादांनी आपलं नाव लिहिलं, आता 'हि' सरळ आली होती. कैलासभाऊ स्वयंपाकाला राहिले. त्यांनी वरण करपवलं. सगळ्यांनी ते तसंच खाल्लं.

दोन वाजून गेलेत. हॉलमधले सगळे पाहुणे कामं असल्यासारखं दाखवतायत, पण बसलेत सगळे माझ्यासमोर.

तुम्हालाही सांगून ठेवतो. तुमच्या घरी फळा नसेल, पण कुणीतरी माणूस असेल. बाहेर पडताना त्याला सांगून जा, कुठे जाताय आणि कधी येताय. आणि आल्यावर आधी त्याला तोंड दाखवा. चहापाणी नंतर.

जिन्यावर कैलासभाऊंच्या त्या ढगळ बुटांचा आवाज येतोय. हॉल उठून उभा राहिलाय. दार उघडलं. अंगभर कुसळं, चेहरा उन्हाने लाल, आणि हसू तर आवरतच नाहीये.

"काय काय बघितलं, सांगते," ती म्हणतेय. "थांबा. आधी डस्टर द्या."